एकच बाळ, दोन नोंदी

तीन महिन्यांच्या बाळाला प्रश्न विचारता येत नाही. त्याच्याकडून फॉर्म भरून घेता येत नाही. त्यामुळे शिशुवर्तनाच्या संशोधनात शेवटी जे आकडे छापून येतात, ते सगळे कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेलेले असतात. मुंबईतल्या अशाच एका प्रकल्पात मी निरीक्षक म्हणून काम केलं. परळ, शिवडी, वडाळा या पट्ट्यातल्या घरी जायचं, आई आणि तिचं तीन ते सहा महिन्यांचं बाळ एकमेकांशी कसं वागतात त्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि मग ऑफिसात बसून व्हिडिओंची सेकंदासेकंदाची नोंद करायची. काही बाळं जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती, काही पुरेशा वजनाची. दोन्ही गटांत फरक दिसतो का, हा प्रकल्पाचा प्रश्न होता.

निष्कर्षांबद्दल आमच्या मॅडम लिहितीलच. मला लिहायचंय ते त्याआधीच्या कामाबद्दल: दोन माणसांनी एकच व्हिडिओ वेगवेगळं बसून पाहिला, तर दोघांच्या कागदावर तेच उतरावं यासाठी काय काय करावं लागतं. अहवालात या कामाला एखादी ओळ मिळते. माझ्या मते अभ्यासाचा सगळा भार त्या ओळीवर असतो.

आरोग्य केंद्रात बाळांचा वजनकाटा असतो. तो वापरण्याआधी त्यावर माहीत असलेलं वजन ठेवून काटा बरोबर दाखवतोय ना हे बघतात, कारण काटाच चुकला तर पुढची सगळी वजनं चुकणार. आमच्या प्रकल्पात काटा म्हणजे आम्ही होतो. आणि माणसाचा काटा तपासायचा तर त्याच्या शेजारी दुसरं माणूसच बसवावं लागतं.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला मॅडमनी एक छोटी क्लिप लावली आणि दिसेल ते लिहा म्हणाल्या. एकीने लिहिलं, बाळाला भूक लागलीय. दुसरीने लिहिलं, आईला शोधतंय. तिसरीच्या मते ते कंटाळलं होतं. मॅडमनी तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, “भूक कुठे दिसली? पडद्यावर बोट ठेवून दाखवा.” खोलीत कुणीच बोलेना. मग क्लिप हळू वेगाने परत लावली. डोकं उजवीकडे वळलं. तोंड उघडलं. डावी मूठ ओठांना लागली. पाय दोनदा झाडले. एवढंच पडद्यावर होतं. बाकी सगळं आमच्या मनात तयार झालेलं होतं.

त्यानंतर कित्येक दिवस आम्ही फक्त हाच सराव केला. समजलं ते बाजूला ठेवायचं, दिसलं ते लिहायचं. सांगायला सोपं आहे, करायला फार अवघड, कारण बाळाकडे पाहताना आपण त्याच्या मनात शिरतोच. शिवडीच्या एका घरी बाळ पाय पोटाशी घेऊन कण्हायला लागलं, तेव्हा आजी म्हणाल्या, “अगं ताई, पोटात कळ आलीय त्याला. ओव्याचा शेक दिला की बघ कसं शांत होतं.” आजींचं बरोबरही असेल. त्या बाळाला त्या रात्रंदिवस बघत होत्या, आम्ही तासाभराच्या पाहुण्या. पण आजींच्या त्या ओळखीची पडताळणी दुसऱ्या कुणाला करता येत नाही. ‘दोन्ही गुडघे पोटाशी आले’ हे मात्र वडाळ्याहून आलेल्या, बाळाला कधी न पाहिलेल्या मुलीलाही व्हिडिओत दिसतं. संशोधनाला असंच वाक्य लागतं.

ही शिस्त जुनी आहे. १९६०च्या दशकात पीटर वुल्फ आणि हाइन्झ प्रेख्टल यांनी नवजात बाळाच्या झोपेच्या आणि जागेपणाच्या अवस्था नीट आखून दिल्या. प्रेख्टल यांच्या पद्धतीत निरीक्षकाला बाळाच्या मनाबद्दल काहीही ठरवावं लागत नाही. डोळे उघडे की मिटलेले, श्वास नियमित की अनियमित, अंगाच्या मोठ्या हालचाली आहेत की नाहीत, रडणं आहे की नाही, एवढं बघायचं आणि त्यावरून अवस्था ठरवायची. बेरी ब्राझेल्टन यांनी १९७३ मध्ये नवजात बाळांच्या वर्तनाची मोजपट्टी प्रसिद्ध केली, तीत गाढ झोपेपासून रडण्यापर्यंत सहा अवस्था आहेत. ती वापरायची तर आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि प्रशिक्षकाच्या नोंदींशी ९० टक्के जुळणी दाखवावी लागते.

आपल्याकडेही असं काम झालंय, आणि ते मराठी वाचकांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांची पाहणी करून एक ते तीस महिन्यांच्या मुलांच्या विकासाची मोजपट्टी तयार केली. ‘डासी’ या नावाने ती आजही देशभर वापरली जाते. तिच्यात शारीरिक हालचालींचे ६७ आणि बौद्धिक विकासाचे १६३ घटक आहेत. आमच्याकडे ही चाचणी मानसशास्त्रज्ञ घेत. त्या घेत असताना मी बाजूला बसून पाहिलंय: बाळाने ठोकळा ‘उचलला’ असं केव्हा म्हणायचं, हे त्यांना आधी पक्कं माहीत असे. समोरच्या आईच्या आशेने भरलेल्या चेहऱ्याकडे बघून ते बदलत नसे.

आता आमची पहिली पडताळणी. माझ्या जोडीला असलेली मुलगी आणि मी, दोघींनी त्याच क्लिप वेगवेगळ्या खोल्यांत बसून नोंदवल्या. रडण्यासाठी व्हिडिओचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडलेले होते. प्रत्येक तुकड्यात रडणं आहे की नाही, एवढंच लिहायचं. एक्सेलमध्ये दोन्ही रकाने शेजारी ठेवले तर ९० टक्क्यांच्या आसपास जुळत होते. आम्हा दोघींचे चेहरे खुलले. मॅडम मात्र गप्पच होत्या. त्यांनी कागद ओढला आणि एक हिशेब मांडला, तो इथे सोप्या आकड्यांत देते.

समजा शंभर तुकडे आहेत. मी दहा तुकड्यांत रडणं लिहिलं, जोडीतल्या मुलीनेही दहा तुकड्यांत लिहिलं. त्यातले पाच तुकडे दोघींचे तेच आहेत. पंच्याऐंशी तुकड्यांत दोघींनीही ‘रडणं नाही’ लिहिलं. म्हणजे शंभरपैकी नव्वद जुळले. पण बाळ बहुतेक वेळ रडतच नाही. दोघींनी डोळे मिटून, आपापल्या मनाने दहा-दहा ठिकाणी खूण केली असती, तरी निव्वळ योगायोगाने ८२ तुकडे जुळले असते. म्हणजे योगायोगाच्या वर जाऊन मिळवायला अठराच होते आणि त्यातले आठच मिळाले. आठ भागिले अठरा, ०.४४. हाच ‘कोहेनचा कप्पा’, ग्रीक अक्षर कप्पावरून नाव पडलेला आकडा. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये तो मांडला, तो याचसाठी: योगायोगाने जुळणारा भाग वजा करून खरं एकमत किती उरतं ते कळावं.

मग मॅडमनी त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला कप्पापेक्षाही जास्त लागली. “निदान एकीला तरी रडणं दिसलं असे तुकडे किती?” पंधरा. “त्यातले दोघींना दिसले असे किती?” पाच. अभ्यास होता रडण्याचा, आणि नेमक्या रडण्यावरच आम्ही तीनात एकदा सहमत होतो. नव्वद टक्क्यांचा तो देखणा आकडा बाळाच्या शांत बसण्यावर उभा होता. कमी वजनाची बाळं जास्त रडतात का, हा प्रश्न ज्या पंधरा तुकड्यांवर ठरणार, तिथेच आमचं एकमत नव्हतं.

कप्पा किती असावा याबद्दल लँडिस आणि कॉख यांनी १९७७ मध्ये दिलेले टप्पे सगळीकडे वापरतात: ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० चांगलं, त्यावर जवळजवळ पूर्ण. हे टप्पे आपण आपल्या मनाने पाडलेत असं त्या दोघांनीच लिहून ठेवलंय. तरीही पुष्कळ ठिकाणी ते दगडावरच्या रेघेसारखे वापरले जातात. आमच्या प्रकल्पात मॅडमनी प्रत्येक वर्तनासाठी वेगळा, किमान ०.७० कप्पा ठरवला. सगळ्यांची सरासरी काढून ०.७० चालणार नव्हता, आणि मला तो आग्रह फार मोलाचा वाटतो. सरासरीत झोप आणि जागेपण यांची सोपी जुळणी रडण्याची आणि हसण्याची पडती बाजू झाकून टाकते.

रडण्याचं पुढे काय केलं? न जुळलेला प्रत्येक तुकडा दोघींनी मॅडमसमोर बसून पाहिला. कोण बरोबर हे ठरवायचं नव्हतं. कोडबुकातली, म्हणजे प्रत्येक वर्तनाची व्याख्या आणि त्याची खूण (कोड) लिहिलेल्या वहीतली व्याख्या कुठे तोकडी पडतेय ते शोधायचं होतं. तिथे लिहिलं होतं, ‘त्रासाचा मोठा आवाज’. मोठा म्हणजे केवढा? आमच्या घरांमध्ये मागे हार्बरची लोकल जाते, शेजारी कुकरची शिट्टी होते, भिंतीपलीकडे मालिका चालू असते. एकाच रडण्याचा आवाज एका व्हिडिओत ठणठणीत येतो, दुसऱ्यात बुडून जातो. मग व्याख्येत आवाजाबरोबर चेहरा आणला: भुवया जवळ आलेल्या, तोंड उघडं, ओठांचे कोपरे मागे ओढलेले, आणि श्वास सोडताना निघणारा सलग आवाज. चेहरा तसा नाही आणि आवाज तुटक असेल तर ती किरकिर, तिला वेगळा कोड. बाळ मध्ये श्वास घ्यायला थांबलं तर रडणं संपलं की चालू आहे? यावर बराच वाद झाला आणि शेवटी थांबण्याची मर्यादा सेकंदांत ठरवून लिहून टाकली. व्याख्या लांबलचक झाली, वाचायला रुक्ष. पण पुढच्या पडताळणीत आकडा वर आला, आणि त्यात आमचे डोळे अचानक तीक्ष्ण झाल्याचा काही भाग नव्हता.

नजरेचं काम याहून नाजूक. बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघतंय की तिच्या मंगळसूत्राकडे, यात बुबुळाचा केसभर फरक असतो. खिडकी बाळाच्या मागे असली की डोळे काळोखात जातात. काजळ जास्त घातलेलं असलं तर पापणीची कड आणि बुबुळ एकमेकांत मिसळतात. हे कोडिंग करताना कळून उपयोग नसतो, घरात कॅमेरा लावतानाच बघावं लागतं. म्हणून आम्ही आईला विनंती करायचो, “ताई, बाळाचं तोंड खिडकीकडे करून बसता का?” काजळ पुसा असं मात्र कधी सांगितलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट-काजळ संशोधनासाठी पुसायला लावणं मॅडमना मान्य नव्हतं, मलाही नाही. जिथे डोळा दिसत नाही तिथे ‘दिसत नाही’ असा कोड द्यायचा आणि अंदाज लिहायचा नाही.

पण नजरेची जुळणी तरीही अडली, ती एका वेगळ्याच कारणाने. आमचं कोडबुक परदेशी अभ्यासांवरून घेतलेलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत खोलीत आई आणि बाळ, दोघंच समोरासमोर. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८चा प्रसिद्ध प्रयोग, ज्यात आई काही वेळ निर्विकार चेहऱ्याने बसते आणि बाळ तिला बोलतं करायचा प्रयत्न करतं, तोही अशाच मांडणीतला. त्यामुळे कोड तीनच होते: आईकडे, वस्तूकडे, इतरत्र. दहा बाय बाराच्या खोलीत आमच्या कॅमेऱ्यामागे आजी बसलेली असायची, दारात काकू, खाली जमिनीवर मोठा भाऊ. आजी जिभेने टॉक-टॉक करायची आणि बाळ खुदकन हसून तिच्याकडे वळायचं. माझी जोडीदार त्याला ‘इतरत्र’ लिहायची, म्हणजे आईपासून लक्ष उडालं. मी कोणता कोड द्यावा याचा विचार करत बसायचे, कारण बाळाचं लक्ष उडालेलं नव्हतं, ते माणसाशीच खेळत होतं. आम्ही ‘घरातल्या दुसऱ्या माणसाकडे’ असा चौथा कोड मागितला. मॅडमनी तो घातला आणि आधीच्या सगळ्या फाईली परत नोंदवायला लावल्या. दुसऱ्या देशातली मोजपट्टी आणली की शब्दांचं भाषांतर सगळे करतात. खोलीत किती माणसं असतात याचं भाषांतर करायला विसरतात, आणि मग जुळणी खाली गेली की खापर निरीक्षकावर फुटतं.

वेळेची बाब पटकन सांगते. दोघींची नोंद एकाच क्षणापासून सुरू झाली नाही तर सगळंच सरकतं, म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला टाळी. ती टाळी म्हणजे शून्य सेकंद. व्हिडिओ पाहत नोंद करायचं सॉफ्टवेअर ‘बोरिस’, इटलीतल्या तोरिनो विद्यापीठातल्या मंडळींनी तयार केलेलं आणि फुकट मिळणारं. कमी पैशांत काम करणाऱ्या कुणालाही ते मी सुचवेन.

सगळ्यात जास्त काळजी घेतली ती आम्हाला काय माहीत असू नये याची. कोणतं बाळ कमी वजनाचं जन्मलं हे आम्हाला सांगितलेलं नसायचं. फाईलवर फक्त क्रमांक. घरी जाणारी जोडी आणि त्या घराचा व्हिडिओ नोंदवणारी जोडी वेगळी. हे किती गरजेचं आहे ते कळण्यासाठी मॅडमनी जॉन आणि सँड्रा काँड्री यांचा १९७६चा अभ्यास सांगितला. नऊ महिन्यांच्या एकाच बाळाचा व्हिडिओ लोकांना दाखवला, काहींना सांगितलं हा मुलगा आहे, काहींना सांगितलं ही मुलगी आहे. पेटीतून अचानक उसळून येणारं खेळणं पाहून ते बाळ बिथरतं. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्यात राग दिसला, मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती. बाळ तेच, व्हिडिओ तोच.

हे ऐकल्यावर मला आमच्याच घरांतली वाक्यं आठवायला लागली. “पोरगी आहे ना, सोसते बिचारी.” “मुलगा आहे, त्याला सगळं लगेच पाहिजे.” ही वाक्यं आपण सगळे लहानपणापासून ऐकतो आणि ती डोळ्यांत जाऊन बसतात. कपड्यांवरून बाळ मुलगा की मुलगी हे आम्हाला बऱ्याचदा कळायचं, ते लपवता येत नव्हतं. आईच्या हाकेवरून मात्र काही कळायचं नाही, कारण कित्येक आया मुलीलाही ‘माझा राजा’ म्हणतात. यावर उपाय एकच होता, व्याख्येत राग, भीती, हट्ट असा एकही शब्द ठेवायचा नाही. भुवया, तोंड, हात, पाय. तिथे मुलगा-मुलगी शिरायला जागा कमी राहते.

आणि मग पडताळणी पार पडल्यानंतरचा काळ. पुष्कळ प्रकल्पांत इथे हे काम थांबतं: सुरुवातीला जुळणी दाखवली, प्रमाणपत्र मिळालं, आता वर्षभर एकेकटीने नोंदवत बसा. जॉन रीड यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं होतं की आपली तपासणी होतेय हे माहीत असताना निरीक्षकांची जुळणी चांगली असते, आणि तपासणी नाही असं वाटलं की ती घसरते. म्हणून आमच्याकडे पाचातली एक फाईल दोघींकडे जायची, आणि ती कोणती हे दोघींनाही माहीत नसायचं.

त्यातही एक फट होती. शेजारी बसून महिनोनमहिने काम करणाऱ्या दोन माणसांचं एकमेकांशी जमत जातं. चहाच्या वेळी बोलणं होतं, ‘हे हसूच धरू या’ असं नकळत ठरत जातं. आकडा छान राहतो आणि व्याख्या मात्र सरकते. हे पकडण्यासाठी मॅडमनी सुरुवातीच्या काळात नोंदवून कुलूपबंद ठेवलेल्या काही क्लिप पावसाळ्यानंतर पुन्हा आमच्यासमोर ठेवल्या. दोघींचा कप्पा आपसात उत्तम निघाला, पण त्या जुन्या नोंदींशी हसण्याचा कप्पा खाली आला होता. ओठांचे कोपरे नुसते ताणले गेले तरी दोघीही आता हसू धरत होतो. व्याख्येत ते वर वळायला हवेत असं होतं. मधल्या काळातल्या सगळ्या फाईलींमधलं हसू पुन्हा नोंदवलं गेलं. एकमेकींशी जुळणं आणि खऱ्याशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपसातला कप्पा फक्त पहिली सांगतो.

पैशांबद्दलही लिहायला हवं. दुसरा निरीक्षक म्हणजे दुसरा पगार. एका निधी देणाऱ्या संस्थेच्या बैठकीत विचारणा झाली होती की एकच व्हिडिओ दोन माणसांनी का बघायचा, तेवढ्या पैशांत आणखी घरं का घेत नाही? प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. पण जास्त घरं आणि भरवसा नसलेल्या नोंदी यातून जास्त माहिती मिळत नाही, फक्त जास्त पानं भरतात. आणि त्या पानांवरून उद्या कुणीतरी ठरवणार असतं की कमी वजनाच्या बाळांच्या आयांना काय सल्ला द्यायचा, आरोग्य स्वयंसेविकेने घरी जाऊन काय सांगायचं. ज्या आईने घर आवरून, बाळाला पावडर लावून, आमच्यासाठी चहा टाकून दार उघडलं, तिच्या बाळाबद्दल आम्ही अंदाजाने काही लिहिणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

शेवटी एक वर्तन आम्हाला सोडून द्यावं लागलं. आईच्या आवाजाला बाळ कसा प्रतिसाद देतं, हे प्रकल्पाच्या मूळ प्रश्नांपैकी होतं आणि सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं. व्याख्या बदलून पाहिल्या, अंतर बदलून पाहिलं, दुपारच्या शांत वेळी व्हिडिओ घेऊन पाहिले. पण त्या घरांत आईचा आवाज कधीच एकटा नसतो, आणि बाळ नेमकं कोणत्या आवाजाने वळलं यावर दोन माणसांचं एकमत होईना. कप्पा ०.७०च्या जवळही गेला नाही. मॅडमनी तो रकाना विश्लेषणातून काढला. अहवालाच्या तक्त्यात मात्र त्या वर्तनाचं नाव आहे, त्याचा कप्पा आहे, आणि पुढे लिहिलंय की या घरांमध्ये, या पद्धतीने, याची नोंद भरवशाने करता आली नाही.